आंब्यावर झोपणाऱ्या कोंबड्या खुराड्यात कशा आणायच्या?

वाचक मैत्रिणीचं पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल काय चाललंय.

"काकू नमस्कार, मी मूळची कोथरूडची, 3 वर्षं झाली आम्ही सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला सासरच्या जागेत राहतोय. कोंबडा धरून 18 होत्या, बहुतेक गावरान आणि 5 गिरिराज. दिवसभर मोकळ्या फिरतात. सासूबाई आधी 6-7 कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली झाकायच्या, आता संख्या वाढली म्हणून दिवाळीनंतर पत्र्याचं 6 बाय 5 फुटांचं खुराडं करून घेतलं. आत फूटभर उंचीवर लोखंडी पाईप आहे बसायला, वर अडीच फुटांवर अंड्यांचे खोके. पण कोंबड्या आत जातच नाहीत, अंधारायला लागलं की सगळ्या आंब्यावर. नवरा काठी घेऊन मागे पळतो तेव्हा दोन-चार आत जातात. गेल्या महिन्यात 4 गेल्या, त्यातल्या 3 गिरिराज, सकाळी आंब्याखाली नुसती पिसं. शेजारी म्हणतात मुंगूस आहे. गेटवर मोठा एलईडी लावला तरी उपयोग नाही. पंख कापू का? सासूबाई म्हणतात आमच्या वेळी एक कोंबडी गेली नाही. मला रात्री झोप लागत नाही."

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मीपण सरळ अगं-तूगंच करते. झोप लागत नाही म्हणालीस ते वाचून पोटात कालवलं, कारण मी पण त्यातून गेलेय, बाहेर कुठं खट्ट झालं की आधी कोंबड्याच आठवतात आणि मग परत डोळा लागत नाही.

आधी आज रात्रीचं सांगते, बाकीचं सावकाश वाच. आज संध्याकाळी कुणाच्याही मागे पळू नका, चढतायत तर चढू देत. पूर्ण अंधार पडून अर्धा-पाऊण तास झाला की एक मंद टॉर्च घेऊन तुम्ही दोघं जा, आधी त्या उरलेल्या 2 गिरिराज उचला आणि खुराड्यात ठेवा, मग हाताला लागतील तेवढ्या खालच्या फांदीवरच्या. कोंबडीला अंधारात आपल्यापेक्षा कितीतरी कमी दिसतं, त्यामुळे त्या वेळी ती जागची हलत नाही, शांतपणे उचलता येते. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरायची आणि छातीशी घ्यायची, पाय धरून उलटी लटकवत आणू नको. वरच्या राहिल्या तर आज राहू देत, शिडीवरून अंधारात तू पडलीस तर अजून भलतंच व्हायचं.

गिरिराज आधी का, तर तुझ्या 4 मधल्या 3 त्याच गेल्या ते उगाच नाही. गिरिराज ही बंगळूरला तयार झालेली जात, अंगानं जड, गावरानीसारखी भुर्रकन फांदीवर जात नाही. बाकीच्या आंब्यावर चढतात आणि ह्या बिचाऱ्या बुंध्याशी, नाहीतर एखाद्या ओट्यावर बसून राहतात, म्हणजे जे कोणी येतंय त्याला झाड चढायची पण गरज नाही. आणि ते मुंगूस असेल असं मला वाटत नाही, मुंगूस दिवसा फिरणारं जनावर, दुपारी पिल्लू उचललं किंवा अंडी फोडली तर त्याच्यावर संशय घे. रात्री नुसती पिसं ठेवून अख्खी कोंबडी उचलून नेणारं बहुतेक रानमांजर असतं. झाडावर बसलेली कोंबडी नाहीशी होत असेल तर उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात, ते तर झाडावर आपण जिना चढावा तसं चढतं. भटकी कुत्री असती तर मागे फाटलेलं काहीतरी सापडलं असतं, कुत्री सगळं नेत नाहीत. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मुंगसासाठी म्हणून दिवसा राखण करत बसाल आणि खरा चोर रात्री येईल.

आता मुद्द्याचं. तुझ्या कोंबड्या हट्टी नाहीत गं, आणि वेड्या तर अजिबातच नाहीत. कोंबडीचे पूर्वज म्हणजे जंगलातली रानकोंबडी, ती रात्री झाडावरच बसते, त्यामुळे दिवस मावळताना उंच, हवेशीर आणि डोळ्याला दिसेल अशी जागा शोधायची हे तिच्या रक्तातच आहे. तुझा आंबा ह्या तिन्ही गोष्टीत पास होतो आणि तुझं खुराडं तिन्हीत नापास, एवढंच आहे हे सगळं. त्यामुळे कोंबड्या बदलायच्या नाहीयेत, खुराडं आंब्यापेक्षा चांगलं करायचंय.

उद्या एक काम कर, अगदी मनापासून सांगतेय, हसू नको. सूर्य मावळायच्या वीस मिनिटं आधी स्वतः त्या खुराड्यात जाऊन उकिडवी बस, डोकं कोंबडीच्या उंचीला आण आणि दाराकडे बघ. मी आमच्या पहिल्या खुराड्यात अशी बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, बाहेर अजून चांगलं लख्ख होतं, पेपर वाचता आला असता, आणि आत मात्र मला माझा स्वतःचा हात नीट दिसत नव्हता. आमची तांबडी कोंबडी दारापर्यंत आली, मान लांब केली, एका डोळ्यानं आत बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, एक पाय उचलून तसाच हवेत धरला आणि परत मागे ठेवला. असं तिनं चार-पाच वेळा केलं असेल आणि मग निघून गेली शेवग्यावर. तिला आत दांडी दिसतच नव्हती गं! काळ्या भोकात कोण जाईल. त्या दिवशी ह्यांनी आत एक छोटा पिवळा बल्ब लावून दिला, झीरोचा म्हणतात तसला, आणि तिसऱ्या दिवशी ती तांबडी आपली आपण आत गेली, तिच्या मागून अजून दोघी.

तर तुझ्याकडे नेमकं उलटं झालंय. गेटवरचा मोठा एलईडी आंब्यावर पडतोय का ते बघ, मला खात्री आहे पडत असणार, म्हणजे संध्याकाळी अख्ख्या आवारात सगळ्यात उजेडाची जागा आंबा आणि सगळ्यात काळोखाची जागा खुराडं. तो दिवा एकतर खाली तोंड करून फिरवून घ्या किंवा कोंबड्या बसून होईपर्यंत लावूच नका. आणि खुराड्यात एक मंद पिवळा बल्ब किंवा सोलरचा कंदील, सूर्य मावळायच्या आधी वीसेक मिनिटं लावायचा, सगळ्या दांडीवर नीट बसल्या की बंद. अर्ध्या खाली घुटमळत असताना पटकन बंद करू नको, मग त्या जिथं आहेत तिथंच जमिनीवर बसून राहतात. रात्रभर पण चालू ठेवू नको, त्यांना काळोखाची झोप लागतेच.

दुसरं म्हणजे दांडी. फूटभरावर लोखंडी पाईप आणि अडीच फुटांवर अंड्यांचे खोके, तर कोंबडी खोक्यातच जाऊन बसणार ना, तिला घरातली सगळ्यात उंच जागा हवी असते. मग खोक्यात रात्रभर शिटणार आणि सकाळी तुला घाण अंडी. खोके खाली घे, फूटभरावर किंवा जमिनीवरच ठेव, आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडावर गोणपाट टाक. पाईप काढून टाक. थंडीत गार पडतो, उन्हाळ्यात तापतो आणि गुळगुळीत असल्यामुळे पंजा घसरतो, पीव्हीसीचा पण तसाच. भवानी पेठेत टिंबर मार्केटला 2 इंची लाकडी पट्टी मिळेल, वरच्या कडा सुताराकडून रंध्यानं जरा गोल करून घे, म्हणजे पंजा सपाट टेकतो आणि थंडीत त्या बोटांवर पिसं झाकून बसू शकतात. एका कोंबडीला 8 ते 10 इंच जागा धर, तुझ्या 14 जणींना साडेदहा-अकरा फूट दांडी लागेल, म्हणजे लांबीच्या बाजूनं साडेपाच फुटांच्या 2 दांड्या पुरतील. दोन्ही एकाच उंचीला, अडीच फुटांवर, मध्ये फूटभर-सव्वाफूट अंतर ठेवून. एक वर एक खाली केलीस तर वरच्या जागेसाठी रोज मारामाऱ्या आणि खालच्यांच्या अंगावर वरच्यांची शीट. आणि सव्वाफुटावर एक छोटी दांडी वेगळी लाव, गिरिराज तिथं बसतील, बाकीच्यांना पायरी म्हणून उपयोगी पडेल. जड कोंबडीनं रोज उंचावरून धप्पकन उडी मारली की तळपायाला गाठ येते आणि ती लंगडायला लागते, मग ते बरं करत बसणं फार जिकिरीचं.

तिसरं, हवा. सगळीकडून पत्रा म्हणजे आता मार्चपासून ते खुराडं भट्टी होणार. कोंबडीचं अंग मुळातच साधारण 41 डिग्री असतं, तिला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणं हाच तिच्याकडे मुख्य उपाय. तू बाहेर आंब्याखाली उभी राहा आणि मग आत जाऊन उभी राहा, फरक तुलाच कळेल. समोरासमोरच्या दोन भिंतींचा वरचा फूटभर पत्रा काढून तिथं जाळी लाव, म्हणजे कोंबड्यांच्या डोक्यावरून वारा जाईल, थेट अंगावर येणार नाही. वर छपरावर उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा जाड थर टाक. खाली भाताचं तूस पसर, डोणज्याकडे भात होतोच, गिरणीवर मिळेल. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जाळीवर पुढे आलेली पडवी काढून घे, तुमच्याकडचा पाऊस आडवा येतो. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत डोकं घालायचं, डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय किंवा तूस ओलं झालंय असं समजायचं.

जाळीचं मात्र जरा जास्त सांगणार आहे, कारण इथं मी स्वतः मार खाल्लाय. साधारण अकरा वर्षं झाली, आम्ही सासवडच्या बाजूला राहत होतो तेव्हा. षटकोनी भोकांची ती बारीक तारेची कोंबडीजाळी असते ना, ती लावली होती, दुकानदार म्हणाला एकदम मजबूत आहे, आणि आम्ही दांडी जाळीला लागूनच ठेवली होती, जागा वाचते म्हणून. सकाळी गेले तर जाळीशी ओळीनं 5 कोंबड्या, धड आत आणि मुंडकी नाहीत. बाहेरून पंजा घालून, मान ओढून... मी पुढचं लिहीत नाही. जाळीला एका ठिकाणी हाताएवढं भगदाड होतं. ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते गं, बाहेरचं जनावर आत येऊ नये म्हणून नसते, आणि हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर त्या पाच वाचल्या असत्या. म्हणून मी आता भेटेल त्याला सांगते. वेल्डमेश घे, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, लाकडाला नुसत्या खिळ्यांनी नको, वर पट्टी ठोकून बसव. दांडी जाळीपासून फूटभर तरी लांब. आणि खाली जाळी फूटभर जमिनीत पुरायची, टोक बाहेरच्या बाजूला वळवून, कारण घुशी आणि कुत्री भिंतीला लागूनच उकरतात. कोबा केला असशील तर ह्याची गरज नाही, कडेच्या फटी तेवढ्या सिमेंटनं बुजव. दाराला नुसती दोरी किंवा आकडा नको, कडी-कोयंडा पाहिजे.

एवढं सगळं झालं की मग सवय लावायची, त्याच्या आधी नाही. नाहीतर वाईट जागेची सवय लावायला जाशील आणि त्या परत आंबाच धरतील.

सवय लावायला सगळ्या कोंबड्यांना आधी 8-10 दिवस खुराड्यातच ठेव, ज्यांना झाडाची चटक लागलीय त्यांना दोन आठवडे सुद्धा लागतात. 6 बाय 5 मध्ये 14 जणी दिवसभर कोंडल्या तर एकमेकींची पिसं उपटतील, म्हणून खुराड्याला लागून सावलीत तात्पुरतं जाळीचं अंगण करून दे, वरून पण जाळी, घार आणि शिक्रा आहेतच तुमच्याकडे. दाणापाणी सगळं तिथंच. रोज संध्याकाळी आत बल्ब, आणि ज्या खाली बसल्यात त्यांना अंधार झाल्यावर हातानं उचलून दांडीवर ठेवायचं. दांडीवरच हं, जमिनीवर नाही, कारण सकाळी जिथं जाग येते ती जागा तिच्या डोक्यात आपली म्हणून बसते. पहिले काही दिवस रोज 10-12 उचलाव्या लागतील, कंटाळू नको, आठवड्यानं त्याच 3-4 होतात. ठेवताना पंजे दांडीला टेकव आणि हात लगेच सोडू नको, दोन क्षण थांब, पंजा आवळला गेला की तिचं अंग आपोआप सैल पडतं, ते हाताला कळतं.

कोंबड्याला आधी बसव. तो जिथं बसतो तिथं निम्म्या जणी जातात. तसंच तुमच्यात एखादी म्हातारी खमकी कोंबडी असेलच, जिला बाकीच्या वाट देतात, तिला कोंबड्याच्या शेजारी. हे दोघं आत गेले की अर्धं काम झालं.

मग सोडायचं, पण पहिल्या दिवशी सकाळी नाही. संध्याकाळी, सूर्य मावळायला फक्त तासभर राहिला असताना दार उघड, आणि त्या दिवशी दुपारचं खाणं देऊ नको. भुकेल्या असतात, लांब जायला वेळ नसतो, आणि डबा वाजला की धावत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तसंच, मग दीड तास, मग दुपारपासून, असं वाढवत आठवड्याभरात पूर्ण दिवस. दिवसाचं मुख्य खाणं कायम संध्याकाळी आणि कायम खुराड्याच्या आतच, ज्वारी, तांदळाची कणी, मक्याचा भरडा, जे काय देत असशील ते. सकाळी थोडंसंच टाक, दिवसभर त्या किडे-गवत खातातच. रात्री उचलताना गळ्याखालच्या पिशवीवर बोट फिरवून बघ, टच्च भरलेली लागली की ती पोटभर खाऊन झोपलीय.

आणि आता डबा. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तुझ्या सासूबाई जे म्हणतात ना की आमच्या वेळी एक कोंबडी गेली नाही, ते मला टोमण्यासारखं नाही वाटलं, मला ते खरं वाटलं. त्या रोज तिन्हीसांजेला हाक मारून, दाणे टाकून, एकेक मोजून डालग्याखाली घ्यायच्या, वर दगड ठेवायच्या, डालगं पडवीत माणसांजवळ असायचं, मग कशाला जातील कोंबड्या! खुराडं आलं आणि ते काम त्यांच्या हातातून गेलं, त्याच्या जागी काठी आली. तर हे काम त्यांना परत दे. कोंबड्या त्यांचा आवाज ओळखत असणार, ये-ये-ये करून रोज एकाच डब्यात ज्वारी खुळखुळवून त्यांनीच बोलवायचं, खुराड्याच्या दारात एक मोडा टाकून दे त्यांना बसायला. आणि तुझ्या मिस्टरांना सांग की ती काठी घरात ठेवा, त्यांची तळमळ मला कळतेय पण रोज संध्याकाळी जिथं काठीनं हाकलत नेतात ती जागा कोंबडीला धोक्याचीच वाटणार, ती अजून उंच फांदी धरणार. त्यांना संध्याकाळची मोजणी द्या, 14 भरल्याशिवाय दार लावायचं नाही.

एक बघ, दार लहान असेल तर कधीकधी एखादी दांडगी कोंबडी दारात उभी राहून बाकीच्यांना टोचते आणि गरीब बाहेरच राहतात. संध्याकाळी माणसाचं मोठं दार सताड उघडं ठेवत जा, सगळ्या आत गेल्या की लाव.

पंख कापू का विचारलंस, तर नको. निदान आत्ता नको. एकाच बाजूची उडायची मोठी पिसं कापतात, दुखत नाही, पिसं झडून नवीन येतात तेव्हा परत उगवतात, हे सगळं खरं. पण तुझ्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, कुत्रं मागे लागलं तर उडणं एवढंच त्यांच्या हातात आहे, आणि पंख कापलेली कोंबडी खुराड्यात जाते असं नाही, ती आंब्याखाली बसते, तुझ्या गिरिराजसारखी. सगळं करून महिन्याभरानं एखादीच अगदी ऐकत नसेल तर तिच्यापुरता विचार कर, आणि तेव्हा पण नुकती उगवणारी, मुळाशी रक्त असलेली पिसं कापायची नाहीत.

त्यापेक्षा आंब्याकडे बघ. कोंबड्या सरळ जमिनीवरून वर जात नाहीत बहुतेक, आधी कशावर तरी चढतात, हातगाडी, बाज, पाण्याची टाकी, मग खालची फांदी, मग वर. संध्याकाळी लांब उभी राहून बघ त्यांची वाट कुठून आहे ती, आणि त्यातली पायरी काढून टाक. बुंध्याला दोन-तीन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळलास तर मांजराला पण चढणं अवघड जाईल, तेवढ्या दिवसांत ज्या वर राहतील त्यांच्यासाठी. दगड मारणं, पाइपनं पाणी मारणं हे करू नका.

वेळेचं भान ठेवायला लागेल, आणि हे शहरातून आलेल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जून-जुलैत सव्वासातच्या आसपास, म्हणजे सव्वा तासाचा फरक, त्यामुळे रोज साडेसहाला दार लावायचं असं घड्याळ लावून चालत नाही, उजेड बघायचा. आणि रविवारी तुम्ही कोथरूडला आईकडे गेलात की परत येताना सिंहगड रोड आणि खडकवासल्याच्या चौपाटीला गाड्या कशा अडकतात ते तुला मी काय सांगू. सहाला पोचतो म्हणता म्हणता आठ वाजतात आणि दार उघडं, एवढी एक रात्र पुरते. म्हणून एकतर सासूबाई घरी असतील तेव्हाच जा, किंवा शेजाऱ्यांना दार लावायला सांगून ठेव. उजेडावर आपोआप बंद होणारी दारं मिळतात आता, परवडत असेल तर घे, पण ते दार कोण आत राहिलंय आणि कोण बाहेर हे मोजत नाही, मोजायला माणूसच लागतं. दिवाळीच्या आठवड्यात तर फटाके सुरू व्हायच्या आधीच, ऊन असतानाच आत घे, एकदा बिचकून पांगल्या की अंधारात शोधता येत नाहीत.

पिल्लांची कोंबडी असेल तर तिला दांडीवर चढवायला जाऊ नको, पिल्लं वर येऊ शकत नाहीत. तिला पिल्लांसकट डालग्याखालीच झाक, वर दगड ठेव, पण डालगं खुराड्याच्या आत ठेव, पडवीत नको, नाग-धामण डालग्याच्या फटीतून सहज जातात. जुनं डालगं मोडलं असेल तर बुरुड आळीत नवीन मिळेल. आणि अंडी काढायला खोक्यात कधीही न बघता हात घालू नको, आधी टॉर्च मारायची, तुमच्याकडे घोणस असते.

आणखी एक. समजा सगळं जमलं, दोन महिने छान आत गेल्या, आणि एक दिवस अचानक आत जायला कांकू करायला लागल्या, तर त्यांच्यावर चिडू नको, खुराड्यात काहीतरी झालंय. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि पत्र्याच्या फटी बघ. कोंबड्यांच्या गोचिडी दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, दिवसा बघितलंस तर खुराडं अगदी स्वच्छ दिसतं. दांडीवरून पांढरं फडकं फिरवून बघ, रक्ताचे डाग दिसले की समज. मग सगळं बाहेर काढून उन्हात घालायचं, फटी बुजवायच्या, चुना मारायचा, आणि औषध मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण तुम्ही अंडी खाता. लाकडी दांडी खाचेत नुसती ठेवलेली असली, ठोकलेली नसली, तर काढून उन्हात टाकणं सोपं जातं, सुताराला आधीच सांग.

रानमांजर असो नाहीतर उदमांजर, पकडायला सापळा किंवा विष लावायचा विचार घरात कुणी काढला तर तिथंच थांबव. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, आणि विष आधी गल्लीतलं कुत्रंच खातं. ती आपल्या पोटासाठी येतात, दार बंद मिळालं की चार-आठ दिवसांत दुसरीकडे उंदीर शोधायला जातात. पण ओल्या मातीत तळहाताएवढा ठसा दिसला किंवा कुत्रं गायब झालं, तर मग ते बिबट्याचं असू शकतं, तेव्हा रात्री कोंबड्या उचलायला बाहेर पडायचं नाही, वन खात्याला 1926 वर फोन करायचा. माणसापुढे कोंबडी नाही.

सवय लागल्यावर पण रोज मोजत जा, निदान वर्षभर. आणि एखाद्या संध्याकाळी 13 च भरल्या तर लगेच रडायला लागू नको, पिसं पडलीयत का बघ, नसतील तर आधी कडब्याच्या गंजीमागे, घाणेरीच्या जाळीत, सरपणाच्या ढिगात हळूच बघून ये. खुडूक झालेली कोंबडी गुपचूप अंडी साठवते आणि एक दिवस त्यावर बसते ती उठतच नाही, जवळ गेलीस की अंग फुगवून कुर्र करेल. सापडली तर अंधार झाल्यावर अंड्यांसकट टोपलीत घालून खुराड्यात आण, खाली तूस दे आणि सासूबाईंना सांग, पिल्लं निघेपर्यंतचे पुढचे 21 दिवस त्या बघतील.